ओवाळणीच्या गाडीचा क्लच

क्लच जळल्याचा वास ज्यानं घेतला नाही त्याला तो सांगून कळत नाही. केस जळल्यासारखा असतो, त्यात रबराचा आणि तव्यावर करपून बसलेल्या तेलाचा वास मिसळलेला. तो पदराला लागतो. जेवायला बसलं की घासात येतो. गेल्या हिवाळ्यात तो आमच्या घरात मुक्कामाला होता, आणि अजूनही उन्हात उभी राहिलेल्या गाडीत बसलं की येतो. मला त्या वासाची किळस आहे. ज्या कारणानं तो आला त्याची जास्त आहे.

आमचं गाव शिरपूरजवळ. घरात आम्ही तिघं राहतो. मी, माझा मुलगा आणि माझी सून. नातवंडं शिकायला बाहेर आहेत. सोयाबीन-तुरीची शेती आहे, एक ट्रॅक्टर आहे. मी चौथीपर्यंत शिकले. गाडी मला चालवता येत नाही, पण ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून माझी अर्धी जिंदगी गेली, त्यामुळे क्लच कशाला म्हणतात ते मला ठाऊक आहे. इंजिन सारखं फिरत असतं. चाकं कधी फिरवायची असतात, कधी थांबवायची. त्या दोघांच्या मधे दोन ताटं एकावर एक दाबून ठेवल्यासारखी असतात. ताटं चिकटून असली की इंजिनाचा जोर चाकापर्यंत जातो. पायानं क्लच दाबला की ताटं सुटतात, मग गिअर बदलता येतो. ती पुरी सुटली नाहीत तर गिअर टाकताना दातावर दात घासतात. पुरी चिकटली नाहीत तर ताटावर ताट घसरतं, तापतं आणि जळतं. एवढंच आहे. पण एवढ्यावरून आमच्या घरातला संसार उठायची वेळ आली.

सुनेचा भाऊ कामरगावला असतो. त्याची शेती बरी आहे, शिवाय बी-बियाण्याचं दुकान आहे. त्यानं दिवाळीत नवी गाडी घेतली आणि जुनी बहिणीला भाऊबीजेची ओवाळणी म्हणून दिली. स्वतः चालवत आणली. सुनेनं ओवाळलं, तसं त्यानं खिशातून चाबी काढली आणि ताटात निरांजनाशेजारी ठेवली. सून बोलणारी नाही. तिनं ताट खाली ठेवलं, चाबीला तेल लागलं होतं ते पदरानं पुसलं, आणि भावाच्या पाया पडायला वाकली. ती वाकून उठेपर्यंत चाबी माझ्या मुलाच्या खिशात गेली होती. मला ते तिथंच आवडलं नाही.

गाडी पांढरी, लहान, चार माणसांची. वापरलेली होती पण स्वच्छ होती. माझ्या मुलानं ती आणखी स्वच्छ करायची ठरवली. सीटवर प्लास्टिक चढवलं, ज्यावर बसलं की पाठ भिजते. पुढं लिंबू-मिरची लटकवली, मागं काळी बाहुली, आरशाला हार. आणि एक कायदा काढला. गाडीत चपला घालून बसायचं नाही.

“लक्ष्मी हाये ते,” तो म्हणाला. “लक्ष्मीवर कोनी चपला घालून बसते का?”

हाच माणूस गाडी चालवताना खिडकीतून गुटख्याची पिचकारी मारायचा. वाऱ्यानं ती मागं उडायची आणि लक्ष्मीच्या पांढऱ्या दारावर लाल ओघळ यायचे. मी त्याला ते दाखवलं.

“थे धुता येते, माय.”

“मंग चपलेचंही धुता येते.”

“तुले नाई समजत.”

तेव्हा आम्ही दोघी बायका गाडीत बसताना मातीत उभं राहून चपला काढायच्या, पिशवीत घालायच्या आणि पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या. उतरताना आधी अनवाणी उतरायचं, मग चपला घालायच्या. शिरपूरच्या बाजाराच्या दिवशी तिथली जमीन कशी असते ते सांगत नाही. माझे गुडघे दुखतात. वाकून चपला काढेपर्यंत तो हॉर्न वाजवायचा.

त्याच्या स्वतःच्या चपला पिशवीत नसायच्या. बाजारात पोचलं की त्याला सगळ्यांच्या आधी उतरायचं असे, चाबी बोटात फिरवत, लोकांनी बघावं म्हणून. त्याला पिशवी सोडत बसायला वेळ कुठला. त्यामुळे तो सीटवर बसून चपला काढायचा आणि पायापाशीच डावीकडे सरकवून ठेवायचा. जाड रबरी चपला, खाली टायरसारख्या नक्षीच्या. त्याच घालून तो गोठ्यात जायचा, शेतात जायचा, सगळीकडे जायचा. नक्षीच्या खाचांत शेण वाळलेलं असायचं. म्हणजे चपला लक्ष्मीच्या पोटात होत्याच, फक्त पायात नव्हत्या. हेही मी त्याला म्हटलं. त्यानं ऐकलं नाही. मग मी बोलायचं सोडलं आणि खिडकी उघडून बसू लागले.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत गाडी ओरडायला लागली. सगळ्यात जास्त मागं घेताना. रिव्हर्स टाकला की कर्रर्र असा आवाज यायचा, जसे दातावर दात घासावेत. शिरपूरला मंदिराकडं जायच्या रस्त्यावर भर गर्दीत एकदा झालं. बाहेरगावचे यात्रेकरू थांबून बघायला लागले. पेरू विकणारा एक म्हातारा बसला होता, तो म्हणाला, “भाऊ, ज्वारी दळून राह्यला का गाडीत? थोडी आमचीही टाका.”

लोक हसले. मला गाडीच्या आवाजाचं काही नाही, पण माझ्या मुलाला हसलेलं सहन होत नाही. लहानपणापासून नाही. तो कानापर्यंत लाल झाला आणि घरी येईपर्यंत एकच वाक्य बोलत होता. “गाडीतच खोट हाये. मले पह्यलेच वाटलं होतं.”

पहिलेच वाटलं असतं तर चाबी इतक्या घाईनं खिशात घातली नसती. मी ते मनात म्हटलं.

आमच्या तालुक्याला, मालेगावला, एक मेकॅनिक आहे, ट्रॅक्टरच्या वेळेपासून ओळखीचा. त्याच्याकडं गाडी नेली. मीही सोबत होते, मला डोळ्याचं औषध घ्यायचं होतं. मुलगा उतरला, चपला घातल्या, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मेकॅनिक गाडीत बसला. इंजिन चालू केलं, क्लच तळापर्यंत दाबला, जरा थांबला, आणि रिव्हर्स टाकला. आवाज नाही. पहिला टाकला, पुन्हा रिव्हर्स. आवाज नाही. गाडी मागं घेतली, पुढं घेतली.

“भाऊ, मक्खन हाये गाडी.”

“येताना ओरडत होती न.”

“आता तं नाई ओरडून राह्यली. तुमी बसून पाहा.”

“तुमी बसले न, म्हून चूप झाली,” मुलगा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर निराशा होती. दुखणं घेऊन दवाखान्यात गेलं आणि डॉक्टरसमोर दुखणं थांबलं की माणसाला जसं वाटतं तसं. मीही तिथं बाकावर बसले होते. मलाही काही दिसलं नाही.

आम्ही निघालो. आमच्या गल्लीत गाडी मागं घालताना तिनं पुन्हा कर्रर्र केलं. शेजारची कुत्री भुंकायला लागली.

त्या संध्याकाळी त्यानं सुनेच्या भावाला फोन लावला. सून गॅसपाशी भाकरी करत होती. त्यानं मुद्दाम स्पीकरवर टाकला, तिला ऐकू जावं म्हणून.

“जवाई, माह्या हाती तं कधी नाई ओरडली,” तिचा भाऊ म्हणाला. तो सरळ माणूस आहे, सावकाश बोलतो. “तुमी पेडल पुरं खाली दाबता न? पुरं दबून राह्यलं का ते एकदा पाहा. मंग वायर पाहा.”

“म्हंजे मले क्लच दाबता येत नाई?”

“तसं नाई म्हनत मी.”

“ट्रॅक्टर चालवून राह्यलो मी मिसरूड फुटलं तवापासून. मले क्लच शिकवू नका. भंगार देल्लं ते देल्लं, वरून अक्कल कायले देता?”

फोन बंद झाला. सुनेनं भाकरी उलटली. ती एका बाजूनं काळी झाली होती. तिनं ती स्वतःच्या ताटात ठेवली.

मला त्या वेळी कशाची किळस आली ते सांगते. ओवाळणी बहिणीची. दिली तिच्या भावानं. वापरतो हा. चालवता येईना तर शिव्या तिच्या भावाला. त्यात आणखी एक गोष्ट होती. भावाच्या मुलीचं लग्न तूर निघाल्यावर ठरलं होतं, आणि त्यांच्या घरात नवरीला हळदीचा पहिला हात आत्याचा असतो. आत्या म्हणजे आमची सून, एकुलती एक. तिची साडी दिवाळीतच घेऊन झाली होती. फोन बंद झाल्यावर माझा मुलगा म्हणाला, “लग्नाचं पाहू मंग,” आणि हात धुवायला गेला.

गाडी पुन्हा मालेगावला. पुन्हा तेच, मेकॅनिकच्या पायाखाली एकदम शांत. पण हा हटून बसला की काहीतरी कर. मेकॅनिक कंटाळला होता. त्यानं बोनेट उघडलं आणि क्लचची वायर जिथं गिअरबॉक्सवर येते तिथलं नट पान्यानं आवळलं.

“घ्या. वायर कसून देल्ली. पण आता पेडलले प्ले राह्यला नाई, ध्यानात ठेवा.”

प्ले म्हणजे ढील. क्लचवर पाय ठेवला की पहिली दोन बोटं पेडल नुसतंच खाली जातं, काही होत नाही, मग वायर ताणली जाते. ती दोन बोटं लागतातच. ती नसली तर पाय नुसता टेकवला तरी ताटं अर्धवट सुटून राहतात.

“अन् भाऊ, एक सांगतो,” मेकॅनिक म्हणाला. “क्लचवर पाय ठेवून चालवू नका. ट्रॅक्टरवाल्याईले ते खोड रायते.”

“मले नाई तशी खोड.”

त्याला आहे. ट्रॅक्टरवर त्याचा डावा पाय क्लचवरच असतो, जसा काही तिथं चिकटवलेला. मी मडगार्डवर बसून रोज बघते. बापालाही तीच होती.

काही दिवस आवाज बंद झाला. घरात सगळं गोड झालं. तो सुनेला म्हणाला, जाऊ लग्नाला, तुह्या भावाले सांगू की आमी नीट करून घेतली. गावाच्या पारावर सांगत फिरला की वायरच ढिली होती, भंगार असलं तरी आपण चालतं केलं.

मग एका तेरवीवरून परत येताना गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीवर चढणाऱ्या रस्त्याला गाडी लागली आणि अर्ध्यात चढेना. इंजिन मोठमोठ्यानं रडत होतं, गाडी मात्र आजाऱ्यासारखी सरकत होती. त्यानं आणखी रेस दिली. आवाज वाढला, गाडी तिथंच. आणि तो वास आला. खालून, सीटच्या फटीतून, जाड, गोडसर. तेरवीचं जेवण माझ्या गळ्याशी आलं. मी दार उघडून रस्त्याच्या कडेला ओकले, अनवाणी उभी राहून, कारण चपला पिशवीत होत्या आणि पिशवी सुनेच्या मांडीवर होती.

सुनेनं माझी पाठ धरली. तो आतूनच म्हणाला, “उतरल्याच तं थोडा धक्का मारा न.”

मारला नाही. आम्ही दोघी पायी घरी आलो.

मेकॅनिकनं या वेळी एक परीक्षा घेतली, ती मला पटली. हँडब्रेक ओढला, इंजिन चालू ठेवून वरचा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. क्लच धड असेल तर इंजिन धक्का खाऊन बंद पडलं पाहिजे, कारण चाकं जागची हलू शकत नाहीत. इंजिन बंद पडलं नाही. गुणगुणत राहिलं. म्हणजे ताटावर ताट घसरत होतं. त्यानं बोनेट उघडून तेच नट पुन्हा ढिलं केलं, पेडल हातानं दाबून दोन बोटांची ढील बघितली, आणि परीक्षा पुन्हा घेतली. इंजिन गचका खाऊन बंद पडलं.

“प्लेट जिती हाये अजून. भाजली जराशी, पण चालते. आता कसाची नाई वायर. अन् पाय ठेवाचा नाई.”

रिव्हर्स टाकून दाखवला. आवाज नाही.

घरी आलो. शेडमधे गाडी मागं घालायला त्यानं रिव्हर्स टाकला. कर्रर्र.

तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ बसून राहिला. मला वाटलं विचार करतो आहे. विचार करत नव्हता, ठरवत होता. घरात येऊन त्यानं सुनेला समोर उभं केलं.

“कसली तं घसरते. ढिली केली तं ओरडते. म्हंजे क्लच मेलाच होता, तवाच देल्ली. मी येडा हाय का? हळदीच्या दिवशी नेतो अन् त्याच्या मांडवासमोर उभी करतो. सगळ्या सोयऱ्यासमोर चाबी देतो हातात. म्हनतो, हे घे तुही ओवाळणी, बहिणीले भंगार देणाऱ्या.”

सून खाली बघत होती. मग वर बघून म्हणाली, “तुमी असं कराल तं मी तिकून परत येनार नाई.”

आवाज चढवला नाही. तूर निवडायला घ्यायची आहे असं सांगावं तसं सांगितलं. त्यानं ते धमकी म्हणून घेतलं आणि हसला. मी हसले नाही. लग्न होऊन आल्यापासून ती बाई उगाच काही बोललेली मला आठवत नाही. मी त्याला म्हटलं, “अरे, मांडवात सोयऱ्यासमोर तुह्या बायकोच्या तोंडाले काळं फासून तुले काय भेटते?”

“माय, हा इज्जतीचा सवाल हाये.”

गुटख्यानं लाल झालेल्या तोंडातून इज्जत हा शब्द कसा निघतो ते मी बघत राहिले.

हळदीचा दिवस आला. सकाळी सून माझ्या खोलीत आली. “आई, तुमच्या बीपीच्या गोळ्या वरच्या फळीवर ठेवल्या. सकाळची वेगळी, रातची वेगळी. गॅसचं सिलिंडर नवं लावलं हाये.” मग तिनं मोठी बॅग डिकीत ठेवली. दोन दिवसांच्या लग्नाला मोठी बॅग कोणी नेत नाही. तिचं लग्नातलं लुगडंसुद्धा तिनं कपाटातून काढलेलं मी बघितलं होतं. मुलानंही बॅग बघितली. डिकी आपटून लावली.

तो सरळ गोठ्यातून आला होता. नवा शर्ट, नवी पँट, आणि पायात त्याच चपला. ताज्या शेणानं भरलेल्या. सीटवर बसला, चपला काढल्या, पायांनी डावीकडे सरकवल्या. मी पुढं बसले होते, धुवट पातळ नेसून, चपलांची पिशवी मांडीवर घेऊन. गाडीत जळक्या क्लचचा वास होताच. त्यात ओल्या शेणाचा मिसळला. खिडकी उघडली तरी जाईना. आणि कामरगाव काही जवळ नाही.

“त्या चपला बाहीर काढ,” मी म्हटलं.

“गप बस, माय. उशीर होऊन राह्यला.”

मी दार उघडून उतरले. काठी टेकत गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला गेले, त्याचं दार उघडलं आणि काठीनं चपला ओढायला लागले. एक लगेच आली. दुसरी येईना. क्लचच्या पेडलखाली जाऊन अडकली होती, आडवी. काठीनं हिसका दिला तेव्हा निघाली. दोन्ही काठीवर उचलून मी उकिरड्यावर फेकल्या.

“आता मी मांडवात अनवाणी उतरू का?”

“उतर न. लक्ष्मीचा भक्त हायेस.”

मी परत येऊन बसले. तो रागानं दात खात होता. रिव्हर्स ओरडतो म्हणून आता तो गाडी सरळच आत घालायचा, त्यामुळे ती शेडमधे तोंड आत करून उभी होती, मागं घेतल्याशिवाय निघणार नव्हती. त्यानं क्लच दाबला आणि रिव्हर्स टाकला.

आवाज आला नाही.

गाडी गुमान मागं सरकली. त्यानं ब्रेक दाबला. न्यूट्रल केला, पुन्हा रिव्हर्स टाकला. आवाज नाही. गाडी बंद करून चालू केली, पुन्हा टाकला. नाही.

“आज बरी चालून राह्यली,” तो म्हणाला, जरा हळू.

मागचं दार उघडलं. सून उतरली. हळदीला जायची साडी नेसलेली, पायात काही नाही. उकिरड्यावर गेली, एक चप्पल दोन बोटांत धरून उचलली, येऊन त्याचं दार उघडलं, त्याच्या पायाजवळ वाकली आणि ती चप्पल हातानं पेडलखाली सरकवली, जिथून मी काढली होती तिथंच. शेण तिच्या बोटांना लागलं.

“आता टाका रिव्हर्स,” ती म्हणाली.

“कायले?”

“टाका.”

त्यानं पेडल दाबलं. मी बघत होते. पेडल रबरावर येऊन थांबलं, जमिनीपासून वर. त्याच्या पायाला तोच तळ वाटला. गिअर टाकला.

कर्रर्र.

सुनेनं चप्पल बाहेर ओढली. “आता टाका.”

त्यानं टाकला. काही नाही. गाय रवंथ करते तेवढाही आवाज नाही.

एवढं होतं. दिवाळीपासून. मालेगावला हा उतरून चपला पायात घालायचा म्हणून तिथं आवाज नसायचा. घरी येताना चपला पुन्हा पेडलखाली जायच्या म्हणून आवाज असायचा. आवाज जावा म्हणून वायर कसली, तेव्हा चपलेवर अडलेल्या पेडलानंही ताटं सुटायला लागली, आणि कसलेल्या वायरीवर ह्याचा पाय टेकलेला म्हणून प्लेट जळली. जिला लक्ष्मी म्हणून आम्हाला आत चपला घालू दिल्या नाहीत, तिच्या पोटात शेणाची चप्पल कोंबून हा महिनोन्महिने सुनेच्या भावाला शिव्या देत फिरत होता.

“माह्या भावानं फोनवर तुमाले हेच इचारलं होतं,” सून म्हणाली. “पेडल पुरं दबून राह्यलं का म्हून.”

त्यानं गिअर न्यूट्रलला आणला. मग म्हणाला, “रबर हाये न. दबते थोडं. पायाले समजत नाई.”

माफी म्हणून त्याच्याकडून एवढंच निघालं. आजवर त्यापुढं एक शब्द निघालेला नाही.

सुनेनं नळावर हात धुतले, साबण लावून, नखांतलंसुद्धा काढलं. मग डिकी उघडली, मोठी बॅग काढून घरात नेली आणि एक हातातली पिशवी घेऊन आली. येताना उकिरड्यावरची दुसरी चप्पलही उचलून दोन्ही नळाखाली धरल्या होत्या. ओल्या चपला तिनं त्याच्या दारापाशी जमिनीवर ठेवल्या.

“पायात घाला,” ती म्हणाली, “अन् घालूनच चालवा.”

त्यानं घातल्या. मीही पिशवीतून माझ्या काढल्या आणि गाडीत बसूनच घातल्या. सुनेनंही. लक्ष्मी काही बोलली नाही.

कामरगावला हळदीचा पहिला हात सुनेनंच लावला. मी खुर्चीवर बसून बघितलं. नवरीच्या कपाळाला, मग गालांना, मग हातांना. मांडवाच्या एका कडेला तिचा भाऊ माझ्या मुलाजवळ येऊन बसला. त्याच्या मनात फोनवरचं राहिलं असेल तर त्यानं दाखवलं नाही.

“जवाई, क्लचचं काय झालं मंग?”

“वायरचा लोचा होता,” माझा मुलगा म्हणाला. “त्या मेकॅनिकले काही समजत नव्हतं. मीच नीट करून घेतली.”

“बरं केलं.”

मी तोंडातली बुंदी गिळली. मला बोलता आलं असतं. पण गाडी माझी नव्हती, ओवाळणी माझी नव्हती. मी सुनेकडं बघितलं. ती पिवळे हात पुढं धरून उभी होती, तिनं ऐकलं होतं. तिनं त्याच्याकडं बघितलं, आणि तो खुर्चीतल्या खुर्चीत चपला आत ओढून बसला. तिनं पुन्हा वाटीत हात घातला.

लग्न लावून परत निघालो. तो चपला घालून चालवत होता. कारंजा मागं पडलं तसा त्याचा डावा पाय हळूच क्लचवर जाऊन बसला, जुन्या जागेवर. मी बघितलं. प्लास्टिकमुळे पाठ भिजली होती. जळकट वास अगदी बारीक, खालून वर यायला लागला.

“पाय उचला,” सून मागून म्हणाली.

त्यानं उचलला.

शेलूबाजारच्या अलीकडं पाय पुन्हा तिथं गेला. ती खिडकीतून बाहेर बघत होती, मान न वळवता म्हणाली, “पाय उचला.”

त्यानं उचलला.